कोथिंबिरीचं कुलूप

"तुम्ही मला चोर म्हणालात."

सकाळचा पहिला फोन होता. मी फक्त 'हॅलो' म्हटलं होतं.

"मी? अहो, मी आत्ताच तर फोन उचलला."

"आत्ता नाही, काल संध्याकाळी. माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरमधून. चोरीचा माल मंडईत चालत नाही, निघा आता, असं म्हणालात. मी आवाज विसरत नाही बाई. ऑफिसात तीन साहेब मी नुसत्या खोकण्यावरून ओळखायचो."

आवाज माझाच होता.

सांगते. तर त्या काळात मी शनिवार पेठेत एका छोट्या गेम कंपनीत होते. कंपनी म्हणजे काय, तर एका सीडीच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोसुद्धा कॉम्प्युटरसाठी. माणसांनी खिडकीत बसावं. इंटरनेट तेव्हा फोनच्या वायरीतून किर्रर्र करत यायचं आणि कोणी रिसीव्हर उचलला की निघून जायचं. गेम सीडीवर मिळायचे. डबा घ्यायचा, त्यात सीडी आणि एक छोटी पुस्तिका.

मी काही शिकलेली इंजिनिअर वगैरे नाही हं. आधी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कंपोझिंग करायचे, कॉम्प्युटर तिथेच बघून बघून शिकले. बिघडला की मालक वैतागून बाहेर चहाला जायचे, तेवढ्यात मी सगळी बटणं दाबून बघायची. असंच शिकले. ह्या कंपनीत आले ती टायपिंगला, पण बोलायची आवड बघून मिलिंदसरांनी मला हेल्पलाइनवर बसवलं. हेल्पलाइन म्हणजे गिऱ्हाईक रागावलं की ज्या फोनवर रागावतं तो फोन.

मिलिंदसर म्हणजे मालक. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, पण मालक म्हणून सर. त्यांच्या डोक्यातून आमचा गेम निघाला होता, 'मंडईराणी'. तुम्ही मंडईत भाजीचा गाळा चालवायचा. माल घ्यायचा, भाव करायचा, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांना पुरून उरायचं. टोमॅटो सडायच्या आत खपवायचे. मारामारी नाही, बंदुका नाहीत. तरी माणसं घाम पुसत खेळायची. 'कालचा आहे का हो पालक?' असं विचारणारी एक म्हातारी त्यात होती, तिच्या टप्प्यापुढे कॉलेजची मुलंसुद्धा जाऊ शकत नव्हती.

सरांचा आधीचा एक गेम लोकांनी फुकटात कॉपी करून अख्ख्या पुण्यात वाटला होता. एकाने तर सरांच्याच लग्नात त्यांना तो आहेर म्हणून दिला. कॉपीच दिली. वर रिबन. त्या दिवसापासून सरांनी ठरवलं, पुढच्या गेमला कुलूप.

ह्या कुलपाला कॉपी प्रोटेक्शन म्हणतात. सीडीची कॉपी कोणीही करतं, पण पुस्तिका थोडीच कॉपी होते? म्हणून गेम सुरू करताना तो विचारायचा, 'पुस्तिकेचे पान अमुक, ओळ तमुक, पहिला शब्द लिहा.' दर वेळी वेगळं पान. पडद्यावर मराठी अक्षरं मांडलेली असायची, माउसने एकेक टिचकी मारून शब्द जुळवायचा. काना, मात्रा, वेलांटी सगळं स्वतंत्र. बरोबर आला तर गाळ्याचं शटर उघडायचं. चुकला तर आवाज यायचा, "पुस्तक विकत घेतलं असतंत, तर वाचता आलं असतं. चोरीचा माल मंडईत चालत नाही. निघा आता." आणि गेम बंद.

तो आवाज माझा. एकदा कुरिअरवाल्याने पाकीट उशिरा आणलं, तेव्हा मी त्याच्याशी दोन शब्द बोलले होते. ते ऐकून सर म्हणाले, "सुलभाताई, हाच टोन. जराही बदलू नका." मग मला डोक्यावर गोधडी घेऊन माइकसमोर बसवलं, रस्त्यावरचे हॉर्न येऊ नयेत म्हणून.

"पण पुस्तिकेची झेरॉक्स काढतील की," मी सरांना म्हटलं होतं.

सर नुसते हसले. पुस्तिका छापून आली तेव्हा कळलं का हसले ते. गर्द वांगी रंगाचा कागद आणि त्यावर काळी अक्षरं! झेरॉक्स काढली की सगळं पान काळं ठिक्कर यावं म्हणून. झेरॉक्स काळी यायचीच, पण मूळ पुस्तिकाही जवळजवळ तशीच होती. ट्यूबखाली तिरकी धरून, एक डोळा मिटून वाचायला लागायची.

आता त्या सकाळच्या फोनवर येते. फोन होता विश्रांतवाडीच्या कांबळेसाहेबांचा. सरकारी खात्यात मोठ्या पदावर होते, निवृत्तीला आले होते. गेम मुलीसाठी घेतला असं म्हणायचे. मुलगी सासरी नागपूरला होती. कोण खेळत होतं ते काही मी विचारलं नाही.

"साहेब, पुस्तिका उजेडात धरा, वाचायला थोडी गडद आहे," मी म्हटलं. "आणि पुन्हा करून बघा."

त्यांनी केलं. शटर उघडलं. "आभारी आहे," म्हणाले. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचाच फोन. "आज परत म्हणालात."

मग असे फोन वाढतच गेले. सगळ्यांना मी तेच सांगायचे. उजेडात धरा, पुन्हा करा. पुन्हा केलं की बहुतेकांचं चालायचं, आणि एखाद्या दिवसाने ते परत चोर व्हायचे. आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बिघाड हाच. साफ बंद पडलेली गोष्ट दुरुस्त करता येते. कधी चालते, कधी चालत नाही, तिचं काय करायचं?

मी नितीनला गाठलं. नितीन वानखडे हा आमचा प्रोग्रामर, म्हणजे गेमच्या आतली सगळी यंत्रणा लिहिणारा. अमरावतीचा. कामाला वाघ, बोलायला गाय. नुकतंच लग्न झालेलं, बायकोला पुण्यात आणलेलं, धनकवडीत खोली घेतलेली, आणि त्या आठवड्यात गॅसचं कनेक्शन मिळालेलं. तेव्हा पुण्यात गॅसचं कनेक्शन मिळणं म्हणजे काय होतं, ते ज्यांनी स्टोव्हला पिन मारली त्यांना विचारा. ऑफिसात पेढे वाटले होते त्याने.

"नितीन, लोक म्हणतायत शब्द बरोबर लिहूनसुद्धा गेम आत घेत नाही."

"असं कसं होईल ताई? थांबा, दाखवतो न." त्याने गेम लावला, टेबलावरचे आपले कागद बघून टिचक्या मारल्या, शटर उघडलं. पुन्हा लावला. पुन्हा उघडलं. "पाहा. माह्या मशीनवर तर बरोबर चालते."

प्रोग्रामर लोकांचं हे एक वाक्य असतं, 'माझ्या मशीनवर चालतं.' गिऱ्हाइकाला काय सांगणार, धनकवडीच्या नितीनकडे जाऊन खेळा म्हणून?

मग मला वाटलं, शुद्धलेखन! नक्की हेच असणार. वेलांटी चुकली तरी गेम शब्द घेत नव्हता, आणि वेलांटीच्या बाबतीत लोकांचं काय असतं ते लग्नपत्रिकांच्या धंद्यात मी पुरतं पाहिलेलं होतं. फोनवर मी विचारायला लागले, कुठला शब्द आला होता? कोणाला आठवायचा नाही, कोणाला आठवायचा. ज्यांना आठवायचा त्यांच्यातले बरेच म्हणायचे, कोथिंबीर.

बघा! मराठीत 'कोथिंबीर' एवढा चुकीचा लिहिलेला दुसरा शब्द नसेल. कोणी थ ला दीर्घ काढतं, कोणी ब ला ऱ्हस्व, कोणी थ ची वेलांटीच खातं. मी खूष झाले. पुढच्या फोनला मी सांगून टाकलं, "थ ला पहिली वेलांटी, वर अनुस्वार, आणि ब ला दुसरी."

पलीकडे परांजपेबाई होत्या. निवृत्त शिक्षिका, विषय मराठी.

"आपण मला कोथिंबीर शिकवताय?" अगदी हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मी अख्ख्या नोकरीत पोरांच्या वेलांट्या सरळ केल्या. मी ती अचूक लिहिली, आणि मग माझ्या नातवासमोर तुम्ही मला निघा म्हणालात. नातू तेव्हापासून मला 'चोर आजी' म्हणतो."

म्हणजे वेलांटीही नव्हे. मग काय?

तेवढ्यात खालच्या दुकानदाराने निरोप पाठवला. लोक डबे परत आणतायत, शनिवारी संध्याकाळपर्यंत सरळ करा, नाहीतर सगळा माल वर चढवतो. सरांचा पारा चढला. त्यांनी नितीनला बोलावून सांगितलं, माझ्यादेखत, "शनिवारी सगळ्या तक्रारवाल्यांना इथे बोलावतो. त्यांच्यासमोर गेम लावायचा. लोकांचं चुकत असेल तर त्यांना दाखवू. आणि तुझं चुकत असेल तर सोमवारपासून येऊ नकोस."

नितीन जागेवर येऊन बसला. मग मला म्हणाला, "ताई, कनेक्शन अमरावतीला ट्रान्स्फर होते का हो?"

बायकोने चहाला नवीन गाळणं घेतलं होतं म्हणून परवाच सांगत होता.

शनिवारी सगळे जमले. खुर्च्या पुरेनात, म्हणून लोक डब्यांच्या खोक्यांवर बसले. कांबळेसाहेब इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर पुस्तिका. परांजपेबाई पर्स घट्ट धरून. शिवाय असेच दहा-बारा जण. आणि कोणी न बोलावता आलेली तन्वी. कॉम्प्युटरच्या कोर्सला होती, जवळच पेइंग गेस्ट म्हणून राहायची, आणि दुकानात तिने ऐकलं होतं की वर भांडण आहे. पुण्यात भांडण फुकट बघायला मिळत असेल तर माणूस दोन जिने चढतो.

सरांनी सुरुवातच चुकीची केली. "इथे बसलेल्यांपैकी ओरिजिनल कोणाकडे आहे?"

सगळ्यांनी हात वर केले. तन्वीने केला नाही.

"माझ्याकडे कॉपी आहे," ती म्हणाली. "क्रॅक केलेली."

क्रॅक म्हणजे कोणीतरी हुशार मुलाने गेममधलं ते कुलूपच काढून टाकलेलं असतं. प्रश्न नाही, पुस्तिका नाही, सरळ आत.

सर लाल झाले. "आणि तू इथे येऊन सांगतेस?"

"सर, मी विचारायला आले. ह्या सगळ्यांनी गेम विकत घेतला, आणि हे सगळे बाहेर. मी घेतला नाही, आणि मी चौथ्या गाळ्यावर पोचले. म्हणजे तुमचं कुलूप नक्की कोणासाठी आहे?"

खोलीत एकदम हशा झाला. कांबळेसाहेब मात्र हसले नाहीत. ते उभे राहिले.

"मुली, कुलूप पाहिजेच," ते म्हणाले. "ही चार माणसं दिवसभर खपून काहीतरी बनवतात. आपण ते फुकट नेणार, हे काही बरोबर नाही. मी आजवर एक कॅसेटसुद्धा कॉपी करून ऐकली नाही."

"पण काका, तुम्ही तर आत जाऊच शकत नाही!"

"नाही जाऊ शकत. तरी कुलूप पाहिजे." मग हातातली पुस्तिका दाखवून म्हणाले, "उघडावं एवढीच अपेक्षा आहे."

"मी कादंबरी विकत घेतली तर ती उघडताना मला कोणी अमुक पानावरचा शब्द विचारत नाही," तन्वी म्हणाली.

"कादंबरीची कोणी झेरॉक्स काढत बसत नाही."

"काका, तुम्ही आमच्या कॉलेजबाहेरची गल्ली पाहिलेली नाही."

खिडकीजवळून एक गृहस्थ म्हणाले, "मुलगी बरोबर बोलते. मी विकत घेतला, म्हणजे तो माझा झाला. माझ्याच घरात शिरताना मला रोज नाव-गाव विचारायचं?"

"तुमच्या सोसायटीचा वॉचमन विचारतो ना?" दुसरे म्हणाले.

"विचारतो. चोर म्हणत नाही."

आता ह्या वाक्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग जी जुंपली! एक म्हणाले, पुस्तिका हरवली तर गेम मेला, हा कुठला न्याय. दुसरे म्हणाले, रेशनकार्ड सांभाळता ना, मग ही सांभाळा. तन्वी म्हणाली, कॉपी काढणारा काढतोच, त्रास फक्त प्रामाणिक माणसाला होतो. कांबळेसाहेब म्हणाले, म्हणून काय दार सताड उघडं ठेवायचं? परांजपेबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांना कुलूप असलं काय आणि नसलं काय, काहीच फरक पडत नव्हता. "मला फक्त लेखी पाहिजे की माझी कोथिंबीर बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

सरांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. "आपण प्रत्यक्षच बघू. कांबळेसाहेब, या. तुमची पुस्तिका घेऊन या."

कांबळेसाहेब कॉम्प्युटरपुढे बसले. गेम लागला. पडद्यावर आलं, पान नऊ, ओळ चौथी, पहिला शब्द. त्यांनी पुस्तिका ट्यूबखाली तिरकी धरली, चष्मा कपाळावर घेतला, एक डोळा मिटला. मग एकेक टिचकी. क ला काना आणि मात्रा. थ ला पहिली वेलांटी. अनुस्वार. ब ला दुसरी. र. परांजपेबाई मागे उभ्या राहून अक्षर अन् अक्षर तपासत होत्या. "अचूक," त्या म्हणाल्या.

त्यांनी बटण दाबलं.

"पुस्तक विकत घेतलं असतंत, तर वाचता आलं असतं," मी म्हणाले. म्हणजे कॉम्प्युटरमधली मी. "चोरीचा माल मंडईत चालत नाही. निघा आता."

मी तिथेच उभी, हातात चहाचा ट्रे. सगळी खोली एकदा स्पीकरकडे बघतेय, एकदा माझ्याकडे. तन्वी एवढी हसली की खोक्यावरून घसरली.

"ह्या आजी मला कधीच काही बोलल्या नाहीत!" ती म्हणाली. "माझ्या कॉपीत ह्या नाहीतच!"

क्रॅक करणाऱ्याने कुलूप काढलं, त्याबरोबर मीही गेले होते. आणि आजी? मला तेव्हा एकही नातवंड नव्हतं. असो.

"नितीन," सर म्हणाले. "आता तू."

नितीन बसला. त्याने आपले नेहमीचे कागद उघडले. पुन्हा तेच आलं, पान नऊ, ओळ चौथी. यादीच छोटी होती, त्यामुळे हा शब्द वरचेवर यायचा. त्याने टिचक्या मारल्या आणि शटर उघडलं.

"बघा!" सर म्हणाले. "चालतंय!"

"ह्यांचं चालतं, माझं का चालत नाही?" कांबळेसाहेब म्हणाले. "मी वेगळी कोथिंबीर लिहिली का?"

आता माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी नितीनच्या अगदी मागे उभी होते. कोथिंबिरीत किती टिचक्या पडतात ते कांबळेसाहेबांनी आत्ताच दाखवलं होतं. वेलांट्या, अनुस्वार, चांगली लांबलचक भानगड. नितीनचं एवढ्या लवकर कसं झालं? आणि वेलांटीकडे तर त्याचा बाण गेलाच नाही.

"नितीन," मी ट्रे खाली ठेवला. "आत्ता काय लिहिलंस तू?"

"सांबार."

"काय?"

"सांबार. पान नऊ, ओळ चौथी. हे काय." त्याने त्याचा कागद दाखवला. पांढरा स्वच्छ कागद, पुस्तिकेचा त्याने स्वतः तयार केलेला पहिला मसुदा. वांगी कागदावरचं त्यालाही दिसत नव्हतं, म्हणून तो कायम ह्यावरूनच काम करायचा. चौथ्या ओळीत जुडीचं चित्र, पुढे ठळक अक्षरात, सांबार.

"अरे, सांबार म्हणजे इडलीबरोबर असतं ते!"

"नाही न ताई. हे सांबार. हिरवं. पोह्यावर टाकतात ते."

"पोह्यावर सांबार?" परांजपेबाईंनी पर्सच छातीशी धरली.

"हाव. भाजीवर, वरणावर, सगळ्यावरच टाकतात न. आमच्याकडे ह्यालेच सांबार म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

"कोथिंबीर!" अख्खी खोली ओरडली.

"हाव, तेच ते," नितीन म्हणाला. "दोन्ही एकच आहे."

माणसाला दोन्ही एकच. कॉम्प्युटरला नाही. त्याला सांबार शिकवलं होतं, तो सांबार मागत बसला होता. अख्खं पुणे त्याला बिनचूक शुद्धलेखनात कोथिंबीर देत होतं आणि तो सगळ्यांना चोर म्हणत होता.

"पण मग छापील पुस्तिकेत कोथिंबीर कशी आली?" कांबळेसाहेबांनी विचारलं. सरकारी माणूस. फाइल कुठून कुठे गेली ते बरोबर विचारणार. "मसुद्यात हा शब्द, छापात तो शब्द. मध्ये कोणाचा तरी हात लागला असणार."

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीकडे पाहत होते. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती.

"मी प्रेसवर जरा नजर टाकली होती," सर म्हणाले.

"आणि?"

"चित्र कोथिंबिरीचं आणि पुढे लिहिलंय सांबार. मला वाटलं, टायपिंगची चूक. मंडईत सांबाराची जुडी कशी विकणार? म्हणून तेवढं आपलं दुरुस्त केलं."

"नितीनला सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यात सांगायचं काय? पुस्तिका वेगळी, प्रोग्राम वेगळा."

आणि ते वाक्य स्वतःच्याच कानांनी ऐकल्यावर सर खाली बसले. खुर्ची नव्हती, खोक्यावर बसले.

नितीनने फक्त विचारलं, "सर, मग सोमवारी मी..."

"वेळेवर ये," सर म्हणाले. पुण्यात एवढी माफी मोठी आहे. पुढे त्यांनी खालच्या टपरीवरून सगळ्यांसाठी पोहे मागवले आणि जिन्यातून ओरडून सांगितलं, "सांबार जास्त टाका!" त्यावर टपरीवाल्याने काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

आता दुरुस्ती. नवीन सीडी काढणं परवडणारं नव्हतं, नवीन पुस्तिका छापणंही नाही. नितीन म्हणाला, पॅच देतो, म्हणजे छोट्या फ्लॉपीवरचा जोड-प्रोग्राम, तो टाकला की गेम दोन्ही शब्द घेईल. पण तोपर्यंत दुकानातल्या डब्यांचं काय? मग सरांनी माझ्याकडून एक छोटी चिठ्ठी कंपोझ करून घेतली आणि पांढऱ्या कागदावर छापली. डबे प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होते, म्हणून ती बाहेरून चिकटवली.

'पान नऊ, ओळ चौथी. कोथिंबीर असे छापले आहे, ते बरोबर आहे. तरी सांबार असे लिहावे. कारण विचारू नये.'

ते 'बरोबर आहे' एवढं परांजपेबाईंसाठी. त्यांनी एक चिठ्ठी घरी नेली, नातवाला दाखवायला.

चिठ्ठ्या लावून झाल्या, दुकानदार खूष झाला, डबे वर चढले नाहीत. संध्याकाळी कांबळेसाहेबांचा फोन.

"बाई, दुकानावरून आलो. चिठ्ठी वाचली."

"हो साहेब, आता काही अडचण येणार नाही."

"अडचण येणार नाहीच. तुम्ही कुलपाची किल्ली बाहेरून दाराला चिकटवली आहे. हा शब्द येईपर्यंत गेम परत परत लावला की कोणीही आत. तीही पांढऱ्या कागदावर. झेरॉक्स अगदी सुंदर येईल."

मी सरांना जाऊन सांगितलं. सरांनी उरलेल्या चिठ्ठ्या टेबलाच्या खणात टाकल्या आणि खण बंद केला.

व्हायचं ते झालंच. महिन्याभरात आसपासच्या कॉलेजांत एकमेकांना भेटल्यावर पोरं 'सांबार' म्हणायला लागली. पण एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. त्या शनिवारनंतरच्याच सोमवारी तन्वी दुकानात आली आणि ओरिजिनल डबा विकत घेऊन गेली. मग तिच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांचे मित्र. मी खाली जाऊन तिला विचारलंच, "का गं, तुझ्याकडे तर फुकटची होती?"

"त्यात तुम्ही नाही ना, आजी," ती म्हणाली. "आम्ही मुद्दाम चुकीचा शब्द टाकतो. एक जण टाकतो आणि बाकीचे ऐकतात."

म्हणजे जे कुलूप चोरांना हाकलायला केलं, ते ऐकायला लोक विकत घ्यायला लागले. सरांनी पुढच्या गेममधून पुस्तिका, वांगी कागद, प्रश्न, सगळं काढून टाकलं. माझे टोमणे मात्र वाढवले. कांबळेसाहेबांना ते पटलं नाही. कुलूप पाहिजे, ह्या मतावर ते शेवटपर्यंत ठाम होते. तन्वीचं आणि त्यांचं त्यावरून दुकानात दर शनिवारी भांडण व्हायचं. दोघंही वेळेवर यायचे.

नितीनचं गॅसचं कनेक्शन पुण्यातच राहिलं. अजून आहे.

मी शिकले ते एवढंच. लोक तीच तक्रार पुन्हा पुन्हा करतायत आणि आपल्या मशीनवर सगळं चालतंय, असं झालं की आपल्या कागदावर काय लिहिलंय ते एकदा दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावं. आणि दुसऱ्याच्या मजकुरातली चूक दुरुस्त करायचा फारच मोह झाला, तर आधी त्याला विचारावं, 'तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात हो?' पुण्यात हे अवघड जातं, मला माहीत आहे. मलाही जातं.